गाडी येते का?

आपल्याकडे कुणी ‘गाडी चालवता येते का’ असं विचारत नाही. ‘गाडी येते का?’ एवढंच विचारतात. पोहायला येतं का, भाकरी येते का, पेटी येते का, तशी गाडी येते का. म्हणजे आपण जागच्या जागी असायचं आणि यायचं काम गाडीनं करायचं. माझ्याकडे ती त्रेचाळीस वर्षं आली नाही.

साताऱ्यात पुरुषमाणसाला गाडी येत नाही हे सांगणं अवघड जातं. ऐकणारा आधी हसतो, मग त्याची नजर हळूच आपल्या गुडघ्यांकडे जाते आणि आवाज खाली आणून तो विचारतो, ‘‘काही प्रॉब्लेम आहे का?’’ चार-पाच जणांना खरं सांगून झाल्यावर मी मणक्याचं कारण द्यायला लागलो. मणका दिसत नाही, त्यामुळे उलटतपासणी होत नाही.

लग्नानंतरची सोळा वर्षं मी बायकोच्या स्कूटीवर मागं बसलो. मागं बसणं हे वाटतं तितकं बिनकामाचं नाही. वळणावर गाडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला कलायचं, घाबरून उलटीकडे अंग टाकायचं नाही. भाजीची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवायची की मांडीवर, हे आत बटाटे आहेत की टोमॅटो यावर ठरवायचं. पोवई नाक्यावर ओळखीचं कुणी दिसलं तर आपणच आधी हात करायचा, म्हणजे समोरच्याला अवघडल्यासारखं होत नाही. या विषयात माझा हात कुणी धरला नसता. खोड एकच होती. समोरून रिक्षा आली की माझा उजवा पाय फूटरेस्टवर करकचून दाबला जायचा. तिथं ब्रेक नव्हता. सोळा वर्षं मी तो नसलेला ब्रेक दाबत आलो आणि सोळा वर्षं बायको म्हणत आली, ‘‘गुडघा टोचतोय. नीट बसा.’’

भीतीचं मूळ १९९७ सालातलं. वडिलांची चेतक होती. चेतकचा गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबायचा आणि ती मूठच फिरवायची. दहावीचा शेवटचा पेपर झाल्याच्या संध्याकाळी मी गल्लीत स्कूटर काढली. क्लच सोडायचा असतो हे मला सांगितलेलं होतं, सावकाश सोडायचा असतो हे सांगायचं राहिलं होतं. स्कूटर पुढं गेली. मी होतो तिथंच राहिलो, दोन्ही हात हवेत हँडल धरल्यासारखे. ती एकटीच आठ-दहा फूट जाऊन शेजारच्या काकूंच्या तुळशीवृंदावनाला टेकली आणि वृंदावनाचा एक कोपरा उडाला. कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. काकू धावत बाहेर आल्या आणि कळवळून म्हणाल्या, ‘‘लागलं नाही ना गं?’’ त्या तुळशीशी बोलत होत्या.

त्यानंतर मी गाडीच्या वाटेला गेलो नाही. कॉलेजला चालत, नोकरीला एसटीनं, सासरवाडीला कुणाच्या तरी मागं.

गेल्या वर्षी बदली झाली ती परळी खोऱ्यात. बोगद्याच्या पलीकडं, सज्जनगडाच्या बाजूला. बायकोची शाळा कोरेगाव रस्त्याला, म्हणजे बरोब्बर उलट दिशेला. एका स्कूटीचे दोन तुकडे काही करता येत नाहीत. त्याच सुमारास दादा रिटायर झाला आणि त्याची स्प्लेंडर अंगणात जुन्या चादरीखाली जाऊन बसली. ‘‘विकणार असलास तर गिऱ्हाईक बघतो,’’ मी म्हणालो. दादा म्हणाला, ‘‘गिऱ्हाईक कशाला? तू घे.’’ घरात एकदम शांतता झाली. पुतणी मनू कोपऱ्यात मोबाइल बघत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘मी शिकवते काकांना. पण माझं ऐकायचं.’’

मनू वीस वर्षांची. वयानं निम्म्याहून लहान गुरू करण्यात एक सोय असते. आपली लाज तिच्या खिजगणतीतही नसते.

पहिल्या दिवशी तिनं किल्लीच दिली नाही. पहाटे सहाला गोडोलीच्या बाजूच्या एका मैदानावर नेलं आणि म्हणाली, ‘‘ढकला.’’ बंद गाडी हँडल धरून मैदानाला तीन फेऱ्या. स्प्लेंडरचं वजन एकशे दहा किलोच्या आसपास. नीट उभी असली तर दोन बोटांवर तोलते. थोडी कलू दिली की तिला एकदम आपलं वजन आठवतं. कुठवर ती आपली आणि कुठून पुढं ती जमिनीची, ती रेघ मला तिसऱ्या फेरीत सापडली. मग स्टँडवरून काढणं, स्टँडला लावणं. ‘‘आज एवढंच,’’ मनू म्हणाली. घरी आलो तेव्हा बायकोनं चहा पुढं करत विचारलं, ‘‘आली का गाडी?’’ म्हटलं, ‘‘मी जाऊन आलोय. तिचं अजून ठरायचंय.’’

दुसरा दिवस हाफ क्लचचा. त्याबद्दल मी तासभर बोलू शकतो आणि ऑफिसात बोललोही आहे. अॅक्सिलरेटरला हात लावायचा नाही, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा, केसाएवढा. इंजिन फिरत असतं, चाक थांबलेलं असतं आणि मध्ये क्लचच्या चकत्या असतात. मूठ दाबली की चकत्या सुट्या, पूर्ण सोडली की घट्ट. या दोन्हींच्या मध्ये एक अरुंद जागा आहे. तिथं त्या एकमेकींना घासत फिरतात आणि गाडी मुंगीच्या पावलानं सरकते. इंजिनाचा आवाज किंचित बसतो, हँडलला बारीक थरथर येते, मागची बाजू एवढीशी दबते. तिथं बोटं थांबवायची. पाय दोन्हीकडे बदकासारखे टाकत मी अर्धा तास त्या जागेत राहिलो. माझी बोटं निसटायची, गाडी आचका देऊन बंद पडायची आणि मैदानाच्या टोकावरून मनूचा आवाज यायचा, ‘‘काका, क्लच सोडताय का फेकताय?’’

सत्तावीस वर्षांपूर्वी कुणी या जागेबद्दल बोललं असतं तर तुळस वाचली असती.

गिअरची भानगड वेगळीच. दादाच्या स्प्लेंडरला चार गिअर आणि चारही पंजानं दाबून पडतात. टाचेनं दाबलं की उतरतात. मनू तिच्या मित्राची बाइक चालवते, तिला एक खाली आणि बाकीचे वर. आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांकडे जुनी बुलेट होती. तिचा तर गिअरच उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. हे सगळे लोक एकाच रस्त्यानं जातात आणि कुणाचाही पाय चुकत नाही, हे मला पंढरपूरच्या वारीइतकं थक्क करणारं वाटतं.

चौथ्या दिवशी मी चालत्या गाडीवर दोन्ही पाय वर घेतले. मैदान मोठं, फुटबॉलची टीम मावेल एवढं. एका कोपऱ्यात पोरं क्रिकेट खेळत होती, स्टंप म्हणून तीन काठ्या रोवलेल्या. एवढं मोकळं मैदान पडलेलं असताना मी त्या काठ्यांकडे बघितलं. ‘तिकडं जायचं नाही’ असं मनाशी म्हटलं आणि अगदी तिकडंच गेलो. मधली काठी उडाली. पोरांचं भांडण सुरू झालं. गोलंदाज म्हणत होता आऊट, फलंदाज म्हणत होता हे काका टीममध्येच नाहीत. मनू धापा टाकत आली. ‘‘काठीकडे का बघितलंत?’’ ‘‘तिला चुकवायचं होतं म्हणून.’’ ‘‘जिथं बघाल तिथं गाडी जाते. खड्डा चुकवायचा तर खड्ड्याकडे बघायचं नाही, खड्ड्याशेजारच्या रस्त्याकडे बघायचं.’’ हे ऐकायला सोपं आहे. भीती वाटते त्या गोष्टीकडे न बघणं ही चाळिशी ओलांडलेल्या माणसाला जमणारी कला नव्हे. आम्ही शुगरचा रिपोर्टसुद्धा दिवसातून चार वेळा उघडून बघतो.

मी मुळात पुस्तकी माणूस. मैदानावर जे जमेना ते रात्री वाचायला लागलो आणि घोटाळा वाढला. एके ठिकाणी वाचलं की थोडा वेग आला की उजवीकडे वळायला हँडल उजवीकडे फिरवायचं नसतं; उजवी मूठ पुढं लोटायची, म्हणजे हँडल क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते आणि उजवीकडे वळते. मला वाटलं छापताना चूक झाली. पण विमानवाले राइट बंधू, ज्यांचं आधी सायकलचं दुकान होतं, त्यांतल्या विल्बरनंही हे हेरलं होतं. वळताना तुम्ही नक्की काय करता, असं त्यानं कितीतरी सायकलवाल्यांना विचारलं आणि वळण्याआधी हँडल क्षणभर उलट्या बाजूला जातं हे त्यांच्यातल्या कुणाला पहिल्या फटक्यात सांगता आलं नव्हतं. सगळे तेच करत होते, कळत कुणालाच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी हे ज्ञान मनूला दिलं. ती म्हणाली, ‘‘काका, मी बघितलं की गाडी वळते. तुम्ही वाचणं बंद करा.’’ मी बंद केलं. आठवड्यानं एका वळणावर माझ्या लक्षात आलं की उजवी मूठ आपोआप पुढं जातेय. लक्षात आल्याबरोबर वळण चुकलं.

सल्ल्यांची मात्र कमतरता नव्हती. साताऱ्यात गाडी शिकणाऱ्या माणसाला सल्ला देणं हे पेढा देण्यासारखं आहे, नको म्हणता येत नाही. त्यात सगळ्यांचा एकमुखी सल्ला एकच: पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील. दादा हे म्हणाला, शिपाई म्हणाला, दूधवाला म्हणाला. मनू एकटी उलट बोलत होती. ब्रेक लावला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबवण्याची ताकदही पुढच्यातच जास्त. तो एकदम आवळला तर घात, हळूहळू दाबत नेला तर तोच तारतो. मागचा एकटा दाबला तर चाक घसरत जातं. सरकारलाही हे पटलेलं दिसतं. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडलेलेच येतात, मागचा दाबला तरी पुढचा थोडा लागतो. दादाची गाडी त्याच्या आधीची. तिला हे शहाणपण माझ्या बोटांतूनच शिकवायचं होतं.

मधल्या काळात शिकाऊ लायसन्स काढून झालं. रांगेत मी एकटाच पांढऱ्या मिशांचा. मागचा पोरगा अदबीनं म्हणाला, ‘‘काका, मुलाचं असेल तर मुलाला स्वतः यावं लागतं.’’ ते लायसन्स सहा महिने चालतं, तीस दिवस झाले की पक्क्या परीक्षेला बसता येतं. लोक एकतिसाव्या दिवशी जातात. मी पाच महिने आणि वीस दिवस घेतले. लाल अक्षरातला तो ‘एल’ मला आवडायला लागला होता. तो बघून मागची वाहनं थोडं अंतर ठेवतात. माझ्या आयुष्यात इतक्या उघडपणे कच्चं असण्याची मुभा मला कुणी दिली नव्हती.

‘आत्मविश्वास’ हा शब्द आमच्या घरात पूर्वी नव्हता. आई ‘भीड चेपली’ म्हणायची. नवी सून चार माणसांत बोलायला लागली की भीड चेपली, पोरगं शाळेत रडायचं थांबलं की भीड चेपली. मला हा शब्द जास्त खरा वाटतो. नव्या गादीचा कापूस चेपतो तशी ती चेपते, रोज थोडी, आपल्याच वजनानं. आणि ती जात नाही, नुसती पुढं सरकते. माझी भीड आधी मैदानाच्या फाटकावर उभी होती. फाटक ओलांडलं तेव्हा ती कॉलनीच्या वळणावर जाऊन थांबली. तिथं पोचलो तर पोवई नाक्यावर. तिथं सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना, तिला गाठलं. मग नऊ वाजता ती पुन्हा तिथंच, एवढीशी वाढलेली. रोज भेटल्यामुळे शेवटी शेवटी आम्ही एकमेकांना ओळख द्यायला लागलो.

ती सर्वात जास्त दिवस मुक्कामाला होती ती राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे जाणाऱ्या चढावर. सातारा हे डोंगराच्या पदरात वसलेलं गाव. इथं सपाट रस्ता म्हणजे दोन चढांमधली विश्रांती. सपाटीवर गाडी बंद पडली तर फजिती. चढावर बंद पडली तर ती मागं यायला लागते. जूनचे दिवस, नुकती पहिली सर पडून गेलेली. वर्षभराची धूळ आणि तेल पाण्यावर तरंगून रस्ता साय धरल्यासारखा. पुढं टेम्पो थांबला म्हणून मी थांबलो. टेम्पो गेला. मी क्लच सोडला, गाडी आचकली, बंद. किक मारली, सुरू, क्लच, आचका, बंद. मागं एसटी. आरशात फक्त तिचं तोंड दिसत होतं, तेवढ्यानं आरसा भरला होता. चौथ्या वेळेला माझे हात कोपरापर्यंत कापायला लागले. आता हॉर्न वाजणार म्हणून मी मान आत ओढून घेतली.

हॉर्न वाजला नाही. उलट मागचं इंजिन बंद झालं. ड्रायव्हरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि मोठ्यानं विचारलं, ‘‘पाव्हणं, च्या पिऊन येऊ का?’’ अख्खी एसटी हसली. मीही हसलो आणि कसं कोण जाणे, हात थांबले. मग तोच सांगायला लागला, ‘‘पुढचा ब्रेक सोडा. डावा पाय खाली. उजव्या पायानं मागचा ब्रेक दाबून धरा. आता जरा रेस द्या. द्या, घाबरू नका. क्लच सोडत या... या... गाडी मागनं बसली का? बसली? आता ब्रेक सोडा.’’ स्प्लेंडर मागं एवढीशी बसली, थरथरली आणि वर निघाली. हाफ क्लचची तीच जागा. मैदानावर ती मला सापडली होती, पण मैदान सपाट होतं. चढावर ती जागा धरून ठेवायला ब्रेकचा टेकू लागतो, हे मनूनं सांगितलं होतं. ते मला एसटीच्या ड्रायव्हरकडून ऐकू आलं. त्याला हात करायचा होता, पण हँडल सोडण्याची माझी तयारी नव्हती. संध्याकाळी त्याच चढावर मी मुद्दाम अकरा वेळा थांबलो आणि अकरा वेळा गाडी उचलली. पानवाल्याला वाटलं मी कुणाचा तरी पत्ता शोधतोय.

हेल्मेटबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही. डोकं वाचतं हे खरं, पण शिकाऊ माणसाचं आधी तोंड वाचतं. काळी काच खाली ओढली की चढावर बंद पडलेला इसम कोण, हे गावाला कळत नाही. माझ्या एकूण धीरातला निम्मा तरी वाटा त्या काचेचा आहे.

पुढं मी पडलोही. वेगात नाही, वळणावर नाही, उभ्या उभ्या. ऑफिसबाहेर गाडी थांबवली, ऐटीत डावा पाय टेकवला आणि पायाखाली जमीन नव्हती, चर होता. ती रेघ, कुठून पुढं गाडी जमिनीची, ती डोळ्यांसमोरून अगदी सावकाश ओलांडली गेली. एकशे दहा किलो सावकाश आडवे होताना बघण्यात एक प्रकारची शांतता असते. क्लचचा दांडा वाकला, आरसा फुटला. त्याआधीचे पंधरा दिवस मी एका हातानं चालवून बघत होतो, हेही इथं सांगून टाकलं पाहिजे. मेकॅनिकनं दांडा सरळ करत विचारलं, ‘‘कितवी?’’ म्हटलं, ‘‘पहिलीच.’’ त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा नावापुढं जागा सोडली असावी.

पक्क्या परीक्षेत आठचा आकडा काढावा लागतो. मनू म्हणाली होती, आठच्या पुढच्या पोटाकडे बघत राहा, चाकाकडे बघू नका. पाय टेकला नाही. साहेबांनी सही केली, मी एल काढून खिशात ठेवला. अजून पाकिटात आहे.

एवढं होऊनही बायको मागं बसली नव्हती. तिनं नको म्हटलं नव्हतं, मी बस म्हटलं नव्हतं. मागं माणूस बसलं की गाडीचं सगळं गणित बदलतं, वजन मागं जातं, ब्रेकला वेळ लागतो, वळणावर दोन डोक्यांना एक विचार करावा लागतो. मला तर तो दुसऱ्या डोक्याचा विचार चांगलाच माहीत होता. मग दसऱ्यानंतरच्या एका रविवारी तीच म्हणाली, ‘‘सज्जनगडाला जाऊन येऊ.’’ आणि स्कूटीची किल्ली खुंटीवरच ठेवली.

बसताना तिनं खांद्यावर हात ठेवला, तेवढ्यानं मागची बाजू दबली. पिशवी मध्ये. बोगद्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. सोळा वर्षांत माझ्याबरोबर गाडीवर ती इतका वेळ गप्प बसल्याचं आठवत नाही. बोगद्याच्या तोंडाशी उन्हातून एकदम अंधारात शिरताना क्षणभर काही दिसत नाही. मी रेस कमी केली, हॉर्न दिला, तो भिंतींवरून परत आला. पलीकडं उतार, कडेला सोयाबीन काढून झालेली रानं. परळीच्या अलीकडं एक शेळी रस्त्यात उतरली. मी अर्थातच तिच्याकडे बघितलं. मग मोठ्या कष्टानं नजर तिच्यावरून काढून तिच्या मागच्या मोकळ्या डांबराकडे नेली आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत आणले.

त्याच वेळी उजव्या मांडीला काहीतरी टोचलं. बायकोचा गुडघा.

शेळी सावकाश पलीकडं गेली. मी दुसरा गिअर टाकला आणि मान न वळवता विचारलं, ‘‘लागला का?’’

‘‘काय?’’

‘‘ब्रेक.’’

मागं जरा वेळ काहीच आवाज आला नाही.

‘‘पुढं बघून चालवा,’’ ती म्हणाली.